सर्किट चालत नाही? आयसी उपटण्याआधी मोजा

जुळणी आकृतीबरहुकूम केलेली, बॅटरी नवी कोरी, तरी एलईडी काही लुकलुकत नाही. अशा वेळी बहुतेक जण आयसी (बऱ्याच पायांची काळी चिप) उपटून दुसरा लावतात. तोही गप्प राहिला की तिसरा. मग वैतागून सगळ्या तारा काढायच्या आणि पहिल्यापासून जोडायच्या. कधीकधी त्याने सर्किट चालूही होतं, पण चुकलं काय होतं ते कळतच नाही, म्हणून पुढच्या सर्किटात तीच चूक पुन्हा होते.

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी स्वतः लागोपाठ तीन आयसी बदलले आहेत. तिन्ही चांगले होते. ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या बोर्डाची) प्लसची पट्टी मधोमध तुटलेली असू शकते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: मीटरने दोष दाखवल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. त्या नियमाने चालायचं तर कुठून सुरुवात करायची आणि कशानंतर काय तपासायचं, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

## उदाहरणाचं सर्किट

बोलायला काहीतरी समोर हवं, म्हणून ५५५ टायमर या आठ पायांच्या आयसीचं एलईडी लुकलुकवणारं सर्किट घेऊ. पिन म्हणजे आयसीचा पाय. सप्लाय ९ व्होल्ट. जोडणी अशी:

- पिन ८ प्लसला, पिन १ मायनसला, पिन ४ प्लसला
- पिन ८ आणि ७ यांच्यामध्ये १ के (म्हणजे १००० ओहम) रेझिस्टर
- पिन ७ आणि ६ यांच्यामध्ये ६८ के रेझिस्टर
- पिन २ आणि ६ एकमेकांना जोडलेल्या
- पिन ६ पासून मायनसला १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याचा प्लस पिन ६ कडे
- पिन ५ पासून मायनसला ‘१०३’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर
- पिन ३ पासून ४७० ओहम, मग एलईडी, मग मायनस

वेग काढायचं सूत्र: १.४४ भागिले (पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर. इथे १ के अधिक १३६ के म्हणजे १३७ के. त्याला १० मायक्रोफॅरडने गुणलं की १.३७ येतात, आणि १.४४ भागिले १.३७ म्हणजे जवळपास सेकंदाला एक लुकलुक.

तुमचं सर्किट वेगळं असेल तरी तपासण्याचा क्रम हाच ठेवा.

सावधान: इथलं सगळं बॅटरी किंवा कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटांपुरतं आहे. थेट २३० व्होल्टला जोडलेलं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट (स्वस्त एलईडी बल्ब, मच्छर मारायच्या रॅकेटचा चार्जर) या पद्धतीने उघडून मोजायला जाऊ नका. त्यात मायनस समजून ज्याला हात लावाल तो फेज असू शकतो.

## टप्पा १: कागद आणि मीटर

आधी कागद घ्या. सर्किट हाताने काढा, प्रत्येक पिनचा नंबर लिहा आणि त्या पिनवर किती व्होल्ट यायला हवेत तेही शेजारी लिहा. हा भाग सगळे टाळतात आणि पुढे इथेच अडकतात. अपेक्षित आकडा माहीत नसेल तर मीटरवर ५.८ दिसले काय आणि २.१ दिसले काय, त्यातून काहीच समजत नाही.

आपल्या सर्किटाचे आकडे असे:

- पिन ८ आणि ४: बॅटरीइतके, म्हणजे ९
- पिन १: शून्य
- पिन ५: सप्लायच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६
- पिन २ आणि ६: ३ ते ६ यांच्यामध्ये सतत खाली-वर
- पिन ७: एकदा ९च्या जवळ, एकदा शून्याच्या जवळ
- पिन ३: एकदा जवळपास शून्य, एकदा साधारण साडेसात. पूर्ण ९ येत नाहीत. साध्या ५५५ मध्ये वरच्या बाजूला दीडेक व्होल्ट आतच खर्च होतो, तो दोष नव्हे.

आता मीटर. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर या कामाला पुरतो, पण सर्किटाच्या आधी त्याचीच परीक्षा घ्या:

1. मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणाऱ्या जागी) ठेवा आणि दोन्ही प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची टोकं, एकमेकांना टेकवून बघा. बीप तुटक येत असेल तर प्रोबची तार आतून तुटत आलेली आहे.
2. नवा पेन्सिल सेल मोजा. १.५ ते १.६ दिसायला हवेत. १.९ किंवा २ दिसले तर सेलचं कौतुक नको, मीटरची स्वतःची बॅटरी उतरली आहे. स्वस्त मीटर अशा वेळी आकडा वाढवून दाखवतात.
3. लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते बघा. १० अँपिअरच्या भोकात राहिलेला प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावलात तर व्होल्ट मोजले जात नाहीत, बॅटरी शॉर्ट होते.

तपासा: डायल डीसी २० व्होल्टवर आहे ना? डीसीऐवजी एसीवर ठेवून ‘सगळीकडे भलतेच आकडे येतायत’ म्हणणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

## टप्पा २: बॅटरी न लावता तपासणी

बॅटरी काढून बाजूला ठेवा. स्विच बंद केलाय एवढ्यावर भागवू नका.

आयसीची दिशा. खाच वरच्या बाजूला धरली तर डावीकडचा सगळ्यात वरचा पाय पिन १. तिथून डावी बाजू खाली मोजत जा, मग उजवी बाजू खालून वर. म्हणजे पिन ८ ही पिन १ च्या बरोबर समोर येते. पुष्कळ जण उजवी बाजूही वरून खाली मोजतात, आणि मग पिन ५ च्या जागी प्लस जातो.

आयसीची जागा. आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खोबणीवर पाय फाकवून बसला पाहिजे. तो एकाच अर्ध्या भागात बसवला तर समोरासमोरचे पाय एकाच आडव्या ओळीत येतात. ५५५ मध्ये याचा अर्थ पिन १ आणि ८ शॉर्ट, म्हणजे बॅटरीच शॉर्ट.

दुमडलेला पाय. नव्या आयसीचे पाय बाहेर फाकलेले असतात. तसाच दाबला तर एखादा पाय भोकात न जाता पोटाखाली मुडपतो आणि वरून बसल्यासारखाच दिसतो. बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने बघा. पुढच्या वेळी बसवण्याआधी पायांची एक रांग टेबलावर टेकवून आत दाबून घ्या, मग दुसरी.

पट्ट्या. ८३० भोकांच्या बऱ्याच ब्रेडबोर्डांत कडेची प्लस-मायनसची पट्टी मध्यावर तुटलेली असते. लाल-निळी रेघ तिथे थांबलेली दिसली तर ओळखावं. काही बोर्डांवर रेघ अखंड छापलेली असते आणि आत पत्रा मात्र तुटलेला. रेघेवर विश्वास नको. पट्टीच्या दोन टोकांच्या भोकांत दोन तारा खोचून बीप घ्या. बीप नसेल तर मध्ये छोटी तार टाकून दोन्ही भाग जोडा.

रेझिस्टर. निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे रेझिस्टर दोन्हीकडून वाचता येतात आणि तिथेच फसवतात. १० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. हेच उलट्या बाजूने वाचलं तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२० ओहम! दोन्ही किमती बाजारात मिळणाऱ्या, त्यामुळे शंकाही येत नाही. रंग वाचत बसण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर बोर्डात खोचण्याआधी मीटरने मोजा, आणि मोजताना दोन्ही टोकांना बोटं लावू नका, नाहीतर तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो.

कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा मायनसचा. सिरॅमिकवर १०३ म्हणजे ०.०१, १०४ म्हणजे ०.१ आणि १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड. १०३ आणि १०४ एकाच डबीत ठेवणाऱ्यांनी भिंग जवळ ठेवावं.

एलईडी. लांब पाय प्लसचा. पाय कापून झाले असतील तर बुडाच्या गोल कडेवरची सपाट बाजू शोधा, तो मायनस.

सगळं पाहून झालं की मीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लस आणि मायनस पट्टीला प्रोब लावा. क्षणभर बीप होऊन थांबली तर चालेल, कपॅसिटर भरत असतो. सलग वाजत राहिली तर शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बॅटरी लावायची नाही.

## टप्पा ३: सप्लाय, आणि तोही आयसीच्या पायावर

पहिल्यांदा बॅटरी लावताना प्लसच्या तारेत १०० ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर मालिकेत टाका. आपलं सर्किट वीसेक मिलीअँपिअरच्या आत भागवतं, त्यामुळे या रेझिस्टरवर दोनेक व्होल्ट पडतील. त्याच्या दोन टोकांवर ९ च्या जवळ आकडा दिसला तर सगळी बॅटरी तिथेच जिरते आहे, म्हणजे पुढे शॉर्ट आहे. लगेच बॅटरी काढा. या एका रेझिस्टरने माझे कितीतरी आयसी वाचवले. आकडा नीट आला की रेझिस्टर काढून थेट जोडा.

आता मोजायचं. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर मगरक्लिपने अडकवून टाका, म्हणजे एकच हात गुंतेल आणि नजर टोकावर राहील. लाल प्रोब या क्रमाने फिरवा:

1. बॅटरीचा प्लस.
2. ब्रेडबोर्डची प्लस पट्टी, आयसीजवळच्या भागात.
3. पिन ८. शेजारचं भोक किंवा तार नव्हे, आयसीचा धातूचा पाय.

पट्टीवर ९ आणि पायावर ० असेल तर दोष त्या दोन सेंटिमीटरांत आहे. ढिलं झालेलं भोक, आतून तुटलेली जंपर तार किंवा मुडपलेला पाय. भोकात मोजलं असतं तर ९ दिसले असते आणि तुम्ही आयसीला दोष दिला असता.

4. आता लाल प्रोब पिन १ च्या पायावर. इथे शून्य हवा. अर्धा व्होल्ट, दोन व्होल्ट असं काही दिसलं तर मायनसची जोडणी कच्ची आहे. मायनस ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत. प्लस दहादा तपासतात, मायनसकडे कुणी बघत नाही.

एक गोष्ट बॅटरीबद्दल. नुसती मोजलेली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी म्हाताऱ्या कुत्र्यासारखी असते, जागेवर बसून भुंकते. सर्किट जोडलेलं ठेवून मोजा. नुसती असताना ८.८ आणि जोडल्यावर ६.५ होत असेल तर ती संपली आहे. मोटर, सर्व्हो किंवा रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच) चालवायला ती नवी असतानाही कुचकामी, कारण तेवढा करंट तिच्यातून निघतच नाही. तिथे अडॅप्टर घ्या.

अडॅप्टरनंतर ७८०५ रेग्युलेटर (व्होल्ट ५ वर स्थिर ठेवणारा पार्ट) असेल तर दोन गोष्टी. छापील बाजू आपल्याकडे धरल्यावर डावीकडून इनपुट, मायनस, आउटपुट असा क्रम असतो. एलएम३१७ दिसायला तसाच, पण त्याचा क्रम अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. आणि ७८०५ ला इनपुट किमान ७ व्होल्ट हवा. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करून ३०० मिलीअँपिअर घेतलात तर २.१ वॅट उष्णता होते. हीटसिंक नसेल तर तो तापून स्वतःच बंद होतो, थंड झाल्यावर परत चालू होतो. ‘पाच मिनिटं चालतं आणि बंद पडतं’ ही तक्रार पुष्कळदा याचीच असते.

सावधान: लाल प्रोबचं टोक घसरून दोन पायांना एकदम लागलं तर चांगला आयसी तुमच्या हातून जाईल. टोकाच्या धातूवर इन्सुलेशनची बारीक नळी चढवून फक्त दोन-तीन मिलिमीटर उघडं ठेवा.

## टप्पा ४: रिसेट आणि आयसीची नाडी

पिन ४ वर ९ हवेत. ती मोकळी सोडली तर सर्किट कधी चालतं, कधी नाही. हात जवळ नेला की चालतं आणि काढला की बंद पडतं. असं काही दिसलं की भुताटकी समजू नये, मोकळी राहिलेली इनपुट पिन शोधावी. फक्त ५५५ चंच नव्हे, कुठल्याही लॉजिक आयसीचं हेच लक्षण आहे.

मग पिन ५. तिथे ६ व्होल्ट, म्हणजे तुमच्या सप्लायच्या दोन तृतीयांश, दिसायला हवेत. ५५५ च्या पोटात तीन सारखे रेझिस्टर ओळीने असतात आणि हा आकडा त्यांच्यामुळे येतो. पिन ८ आणि १ च्या पायांवर सप्लाय बरोबर असून पिन ५ वर दोन तृतीयांश येत नसेल आणि तिथला कपॅसिटर काढूनही फरक पडत नसेल, तर आयसी बदलायला माझी हरकत नाही. आत्तापर्यंतच्या क्रमात त्याच्याविरुद्धचा हा पहिला खरा पुरावा.

आयसी खरोखर मरतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, उलटी बॅटरी. दोन, पिन ८ आणि ७ मधला १ के रेझिस्टर. वेग बदलता यावा म्हणून तिथे नुसता पॉट (फिरवून किंमत बदलायचा रेझिस्टर) लावतात आणि तो फिरवत शून्यावर नेतात. मग पिन ७ मायनसला जाताना प्लसलाच शॉर्ट करते. पॉट लावायचा तर ६८ केच्या जागी लावा, आणि तिथेही त्याच्याबरोबर १ के ठेवा.

## टप्पा ५: सगळी गंमत पिन ६ वर

इथे वेळ द्या. कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो, त्यावर सगळं सर्किट चालतं, आणि ते पिन ६ वर दिसतं. पण मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे सेकंदाला एक लुकलुक असली तरी आकडे नुसते नाचतात. म्हणून सर्किटच सावकाश करा. १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरशेजारी, त्याच दिशेने, १०० मायक्रोफॅरडचा आणखी एक लावा. आता एक फेरी दहा सेकंदांची होईल आणि मीटरवर ३ पासून ६ पर्यंत चढणारा, मग उतरणारा आकडा आरामात वाचता येईल.

तसं होत नसेल तर काय दिसतंय त्यावरून पुढे जा.

आकडा शून्यावर अडकलेला, एलईडी सतत पेटलेला. कपॅसिटर भरतच नाही. १ के किंवा ६८ के यांपैकी एकाची जोडणी सुटली आहे, कपॅसिटर शॉर्ट आहे किंवा पिन ६ ची ओळ चुकून मायनसला लागली आहे. पिन ७ वर मोजा. तिथे ९ असतील तर १ के ठीक, संशय ६८ केवर, कपॅसिटरवर किंवा पिन ६ च्या ओळीवर.

आकडा ९ वर अडकलेला, एलईडी बंद. भरतो, पण रिकामा होत नाही. पिन ७ ची तार पायापर्यंत पोचलेली नाही.

एलईडी सतत पेटलेला, किंचित मंद, आणि पिन ३ वर साडेसातच्या निम्म्याच्या आसपास स्थिर आकडा. सर्किट चालू आहे! फक्त इतकं वेगात की डोळ्यांना कळत नाही. १० मायक्रोफॅरडच्या जागी १०३ लागला आहे (वेग हजारपट, सेकंदाला हजारदा लुकलुक) किंवा कपॅसिटरचा एक पाय भोकात नाही. हा ‘दोष’ घेऊन आलेल्यांना आयसी गेल्याची खात्री असते.

एकदाच लुकलुकून गप्प; पिन २ ला बोट लावलं की पुन्हा एकदा पेटतो. पिन २ आणि ६ जोडणारी तार राहिली आहे. आकृतीत ती बारीकशी वळसा घालून गेलेली असते, म्हणून निसटते.

चालतं, पण वेग फारच चुकीचा. सूत्रात आकडे घालून उलटं गणित करा. दहापट फरक असेल तर रेझिस्टरची किंवा कपॅसिटरची किंमत वाचण्यात चूक आहे. वीस-तीस टक्के फरक असेल तर सोडून द्या, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढे मागेपुढे असतातच.

सावधान: मीटरसुद्धा सर्किटाचा भाग होतो. स्वस्त मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगओहम असू शकतो. ६८ केच्या टोकाला तो फारसा जाणवत नाही, पण तुम्ही १ मेगओहम रेझिस्टरच्या पलीकडे मोजलंत तर ९ ऐवजी साडेचार दिसतील आणि नसलेला दोष शोधत बसाल.

## टप्पा ६: आउटपुट, ट्रान्झिस्टर, रिले

पिन ३ खाली-वर होते आणि एलईडी पेटत नाही? मग आयसीचं काम संपलं, त्याला आता हात लावू नका. एलईडी उलटा आहे का बघा. नसेल तर ४७० ओहमच्या दोन टोकांवर मोजा. साडेपाचच्या आसपास हवेत, म्हणजे बाराएक मिलीअँपिअर वाहतो आहे. शून्य असेल तर ही ओळ कुठेतरी तुटलेली आहे.

पिन ३ ने ट्रान्झिस्टर आणि त्याने रिले चालत असेल, तर आधी ट्रान्झिस्टरचे पाय. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ अगदी तसाच दिसतो, पण एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पार्ट हातात पडला की अंगावरचा नंबर तिथेच वाचा. ‘हाही चालेल’ म्हणून मिळालेला ट्रान्झिस्टर चालतोही, फक्त फिरवून लावावा लागतो.

ट्रान्झिस्टर ऑन असताना काळा प्रोब एमिटरवर ठेवून दोन आकडे घ्या:

- बेसवर ०.७ च्या आसपास आणि कलेक्टरवर ०.२ किंवा कमी: ट्रान्झिस्टर आपलं काम करतो आहे. तरी रिले ओढत नसेल तर कॉइल तुटली आहे, तिची जोडणी सुटली आहे किंवा तिला लागणारा व्होल्ट वेगळा आहे.
- बेसवर ०.७, पण कलेक्टरवर सप्लायइतके: पाय उलटे, नाहीतर ट्रान्झिस्टर गेला.
- बेसवर १ व्होल्टपेक्षा बरेच जास्त: आतला जोड उडाला आहे. बदला.

बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलीअँपिअर. १२ व्होल्टच्या छोट्या चौकोनी रिलेला ३०, ५ व्होल्टच्याला ७० मिलीअँपिअर लागतात, म्हणजे तिथवर ठीक. खेळण्यातली मोटर त्याला लावू नका.

आणि रिलेवरचा डायोड. १एन४००७ चा पांढरा पट्टा प्लसकडे. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर जळतो. लावलाच नाही तर रिले सुटताना निघणारा झटका कधी ट्रान्झिस्टर मारतो, कधी आयसीला मध्येच रिसेट करतो. ‘रिले काढला की सर्किट व्यवस्थित चालतं’ असं म्हणणाऱ्याला आधी डायोडबद्दल विचारा, मग आयसीच्या पिन ८ आणि १ मध्ये अगदी जवळ १०४ चा कपॅसिटर आहे का ते.

## टप्पा ७: एका वेळी एकच बदल

दोष सापडला असं वाटलं की एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा, कागदावर लिहा. फरक पडला नाही तर ती गोष्ट पहिल्यासारखी करून मग पुढे जा. दोन बदल एकदम केले आणि सर्किट चाललं, तर कशामुळे चाललं ते कळणार नाही. नाही चाललं, तर आता कदाचित दोन दोष झाले आहेत.

सर्किट मोठं असेल तर मधोमध मोजा. तिथे ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग संशयित, नसेल तर मागचा. पुन्हा त्याचा मध्य. सोळा टप्प्यांचं सर्किट असं चार मोजण्यांत आवाक्यात येतं.

## झिरो पीसीबीवर सोल्डर केल्यावर बंद पडलं तर

ब्रेडबोर्डवर चालत होतं म्हणजे आकृती बरोबर आहे, एवढं नक्की. झिरो पीसीबी म्हणजे भोकाभोकांचा, पार्ट आणि तारा सोल्डर करून जोडायचा बोर्ड; त्यावर चुका तीनच जागी असतात. बोर्ड उलटा करून तारा जोडताना पिनांची डावी-उजवी बाजू बदलते, आणि पिन ८ समजून पिन १ ला सोल्डर होतं. मार्करने खालच्या बाजूला पिन १ शेजारी ठिपका करून ठेवा. दुसरी, शेजारच्या दोन ठिपक्यांना चिकटलेला सोल्डरचा पूल. तिसरी, ड्राय सोल्डर: चकचकीत, पायाला लपेटून बसलेल्या डागाऐवजी राखाडी गोळा, ज्यातून पाय नुसता उभा असतो. सर्किट चालू ठेवून लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक पार्टला हलकेच टकटक करा. जिथे एलईडी दचकेल तो जोड पुन्हा तापवा.

## आर्डुइनो असेल तर

आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम चढवून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड. आधी सगळ्या तारा काढून बोर्डवरचा एलईडी लुकलुकवणारा साधा प्रोग्रॅम चढवा. तोच चढत नसेल तर सर्किटाचा काही संबंध नाही: केबल फक्त चार्जिंगची आहे, पोर्ट चुकीचा निवडला आहे, बोर्डवरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर नाही किंवा पिन ० आणि १ वर काहीतरी जोडलेलं आहे. तो चढला की एकेक मॉड्यूल जोडत जा. मोटरला वेगळी बॅटरी असेल तर तिचा मायनस आर्डुइनोच्या मायनसला जोडलेला हवाच. एलसीडीवर दिवा लागतो पण अक्षरं दिसत नाहीत? मागचा छोटा पॉट स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा. तरी नाही तर एलसीडीचा पत्ता (प्रोग्रॅममध्ये लिहायचा तिचा नंबर) ०एक्स२७ ऐवजी ०एक्स३एफ असेल.

## दुसऱ्याचं सर्किट तपासताना

माझी भाची सातवीत असताना टाकी भरल्यावर वाजणारा बजर घेऊन आली.

“मामा, ट्रान्झिस्टर गेला वाटतं.”

“कशावरून?”

“चालत नाही ना!”

मी हात पुढे केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं आणि ती पुढच्या महिन्यात परत आली असती. म्हणून मीटर तिच्या हातात दिला. बेसवर किती यायला हवेत ते तिला आधी लिहायला लावलं. वीस मिनिटं लागली. पाण्यात सोडायच्या दोन तारांपैकी एकीचं टोक तिने सोललंच नव्हतं.

कुणी मदत मागितली तर आधी एवढं मागून घ्या: हाताने काढलेली आकृती, बोर्डचा बरोबर वरून काढलेला आणि सगळी भोकं दिसतील असा फोटो, पार्टवरचे छापील नंबर, सर्किट जोडलेलं असताना मोजलेला सप्लाय, आणि शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं. ‘व्हिडिओत होतं तसंच केलंय’ हे उत्तर धरू नका. तुमच्यासमोर व्हिडिओ नाही, त्याचा बोर्ड आहे.

फोनवरून मदत करत असाल तर एका वेळी एकच मोजणी सांगा आणि आकडा येईपर्यंत थांबा. “आयसी उडाला असेल” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका; समोरचा लगेच तो उपटतो आणि घाईत नवा उलटा बसवतो. आकडे चमत्कारिक येत असतील तर तो काळा प्रोब कुठे ठेवतोय ते आधी विचारा. आणि सर्किट चालू झाल्यावर त्याला लगेच फोन ठेवू देऊ नका, ती चुकलेली तार पुन्हा काढायला लावा, पिनवरचा आकडा वाचायला लावा, मग परत जोडायला सांगा.